रामलिंगच्या घाटातले रूळ

माझे वडील किनवटच्या जंगलात सागाचे ओंडके भरायच्या कामावर होते. मी सेंट्रल रेल्वेत लातूर–कुर्डुवाडी नॅरो गेजवर गँगमन म्हणून लागलो, पुढे कीमन झालो आणि मेट, म्हणजे गँगचा मुकादम, होऊन निवृत्त झालो. त्यांचं आयुष्य झाडं रुळापर्यंत आणण्यात गेलं, माझं रूळ जागेवर ठेवण्यात. दोन्ही कामं जवळून पाहिली म्हणून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. छोट्या रेल्वेला किती आयुष्य मिळणार, हे ती काय वाहून नेते त्यावर ठरतं.

डोंगरातल्या जंगलांतून लाकूड काढण्यासाठी घातलेल्या रेल्वे जगभर होत्या. त्यातल्या बहुतेक आज नाहीत. आमची लातूर–कुर्डुवाडीची लाईन, म्हणजे बार्शी लाईट, मात्र शंभर वर्षांहून जास्त चालली. तीही अडीच फुटी, तीही डोंगर चढणारी, तीही झाडीतून जाणारी. मग ती का टिकली आणि त्या का संपल्या, हा विचार नोकरीत असतानाच माझ्या मागे लागला होता. निवृत्तीनंतर हाताला येईल ते वाचत गेलो, तसा तो पक्का होत गेला.

आधी किनवटचं सांगतो. हा तालुका आज नांदेड जिल्ह्यात आहे, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळी रानं आणि उघडे माळ येतात. इस्लापूर, सहस्रकुंड, माहूरकडचा माणूस मात्र झाडांत वाढतो. पैनगंगेच्या खोऱ्यातला तो साग, आणि त्यात गोंड, कोलाम, आंध, बंजारा लोकांच्या वस्त्या. वनखातं जंगलाचे कूप पाडायचं आणि ठरलेल्या वर्षी ठरलेला कूप तोडायला द्यायचं. तोडायच्या झाडाच्या बुंध्याला अगदी जमिनीलगत हातोड्याचा शिक्का मारलेला असे. झाड पडल्यावर तो शिक्का खुंटावर दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर ती चोरतोड. ओंडक्यावर पुन्हा वेगळा शिक्का, नंबर, लांबी, घेर. हे सगळं वहीत चढलं की बैलं जुंपायची.

डेपोतून लिलाव झालेला माल किनवट स्टेशनावर यायचा. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी ती मीटर गेजची लाईन. उघड्या वाघिणीला दोन मजबूत वासे तिरपे टेकवायचे. ओंडक्याखालून दोन दोर घालून त्यांची टोकं वाघिणीच्या पलीकडे न्यायची. तिकडची माणसं ओढणार, इकडची पहारी लावून रेटणार. मध्ये एक म्होरक्या हाळी देणार आणि बाकीचे 'हैस्सा' म्हणून एकदम जोर लावणार. ओंडका चढताना दोन्ही टोकं बरोबर चालली पाहिजेत. एक टोक पुढं गेलं की तो गर्रकन फिरतो आणि खालच्या माणसाला घेऊन खाली येतो. वडिलांच्या डाव्या पायाची दोन बोटं अशीच गेली. त्याबद्दल ते कधी तक्रारीचा शब्द बोलले नाहीत, पण सागाच्या लाकडावर पाय ठेवून उभं राहिलेलं मला त्यांनी कधी चालू दिलं नाही.

वडिलांच्या जंगलात आतवर रूळ गेले नाहीत. तिथली जमीन अशी की बैल आणि गाडी यांवर भागत होतं. जिथे डोंगर उंच, पाऊस मोठा आणि झाडं बैलांना हलणार नाहीत इतकी अजस्र, तिथे रूळ आत न्यावे लागले, आणि तिथे लहान गेजशिवाय, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कमी ठेवण्याशिवाय, पर्याय नव्हता. गेज लहान असला की गाडी जास्त आवळून वळते. वळता आलं की डोंगर फोडायचं काम कमी, पूल कमी, भराव कमी. रूळ हलके म्हणजे चार माणसं खांद्यावर उचलून पुढे नेतील असे. लाकूड तोडणाऱ्यांना हे शेवटचं फार महत्त्वाचं होतं. त्यांचा रूळ एका जागी राहण्यासाठी नव्हताच. मुख्य मार्गाला फांद्या काढायच्या, त्या उतारावरची झाडं संपली की फांदी उखडायची आणि दुसऱ्या उताराला लावायची. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थांबलो. आम्ही जन्मभर ज्या रुळाला बोटभर हलू दिलं नाही, तसा रूळ तिथली गँग उखडण्यासाठीच घालत होती.

अमेरिकेत मिशिगनच्या जंगलात एफ्राइम शे नावाचा लाकूडवाला होता. त्याने स्वतःच्या लाकडाच्या धंद्यासाठी इंजिन बनवलं आणि १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्या नेहमीच्या इंजिनात सिलिंडर आडवे असतात आणि दांड्याने चाकं फिरतात. शेच्या इंजिनात सिलिंडर एका बाजूला उभे, त्यांच्यापासून निघालेला लांब दांडा इंजिनाच्या कडेने जाणार आणि दातेरी चक्रांनी एकूण एक चाक फिरवणार. वेग अगदी कमी. पण चाकांचे संच वेगवेगळे वळत असल्यामुळे वाकड्यातिकड्या, धड न बसलेल्या रुळावरही ते चढून जायचं. ज्याने रुळाची कामं केली आहेत त्याला यातली अक्कल लगेच कळते. या माणसाने वाईट रूळ गृहीत धरून इंजिन बनवलं.

शेची इंजिनं पार तैवानला गेली. तिथली अलीशानची रेल्वे जपानी अमलात, डोंगरावरचे जुने सुरू-देवदाराच्या जातीचे वृक्ष खाली आणण्यासाठी घातली. ती सुरू झाली १९१२ साली, आमची गाडी लातूरला पोचली त्याच्या पुढच्याच वर्षी. गेजही तोच, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. सत्तरएक किलोमीटरमध्ये ती जवळजवळ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर चढते. वाटेत एका डोंगराला वेढे घालत स्वतःच्याच रुळावरून पुन्हा पुन्हा जाते. जपानात किसोच्या खोऱ्यातली जंगल रेल्वेही याच गेजची. तिची मुख्य लाईन १९७५ ला बंद झाली.

आपल्याकडेही ही गोष्ट घडलेली आहे. कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातला साग आणि शिसव चालकुडीपर्यंत आणण्यासाठी ट्रामवे बांधली. ती मीटर गेजची होती, पण डोंगर उतरायची तिची रीत ऐकण्यासारखी आहे. सरळ उतारावर तारेचा दोर बांधून भरलेल्या वाघिणी खाली सोडायच्या आणि त्यांच्याच वजनाने दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणी वर ओढून घ्यायच्या. इंजिन नाही, कोळसा नाही. ब्रेक धरणारा माणूस तेवढा खंबीर पाहिजे. १९०७ साली ती चालू झाली आणि १९६३ ला बंद पडली. आणखी जवळ यायचं तर डांग. बिलिमोऱ्याहून वघईला जाणारी अडीच फुटी लाईन बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात झाली आणि तिच्यावरून डांगचा साग खाली येत होता.

आता आमची लाईन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीचा कापूस, गळिताचं धान्य बैलगाड्यांनी मोठ्या लाईनपर्यंत जातं हे त्याने पाहिलं. १८९५ मध्ये कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही २१ मैलांची गाडी सुरू झाली. १९०६ ला फाटा पंढरपूरला गेला, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल.

कॅलथ्रॉपची युक्ती आसाच्या वजनात होती. आम्ही रूळवाले तिचं मोल जास्त जाणतो. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एका आसावर किती भार येतो त्याने. त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला १५ किलोच्या आतला पुरला. आज मोठ्या लाईनला मीटरला ६० किलोचा रूळ घालतात. इंजिन जड असणारच, म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याकडून त्याने आठ जोडलेली चाकं आणि मागे आणखी चार, अशी इंजिनं करून घेतली. भार सहा आसांवर वाटला गेला. वाघिणीही पोलादी पत्रा दाबून केलेल्या सांगाड्याच्या, वजनाला हलक्या, म्हणजे उरलेलं सगळं वजन मालासाठी मोकळं. गाड्या इकडे पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या. पुढे इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्डची लाईन बांधताना हाच हिशेब त्याने वापरला. 

मी लागलो तेव्हा कंपनी जाऊन जमाना झाला होता. १ जानेवारी १९५४ ला सरकारने लाईन ताब्यात घेतली होती. पण जुनी माणसं अजून 'कंपनीचा पूल', 'कंपनीचा नंबर' असंच बोलत. माझी नेमणूक पांगरी ते येडशी या घाटाच्या तुकड्यावर झाली. बालाघाटचा डोंगर गाडी इथे चढते. झाडी म्हणजे किनवटसारखी उंच नव्हे. साग बुटका, धावडा, सालई, खाली गवत. दरीत रामलिंगाचं देऊळ आणि जटायूची समाधी. श्रावणी सोमवारी दोन्ही बाजूंनी माणसं लोटत, त्या दिवशी गाडी बैलाच्या चालीने जाई आणि आम्ही झेंड्या घेऊन उभे.

पहिल्या दिवसापासून माझं लक्ष स्लीपरकडे जाई. घाटात बराच रूळ लाकडी स्लीपरवर होता. एकदा जुना स्लीपर काढून बाजूला टाकला आणि मी त्याच्या कापलेल्या टोकावर बसून बोटाने रेषा चाचपत होतो. आमचे मेट, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, लांबून ओरडले, "लाकूड काय बघूलालास रे? खडी ओढ."

"अण्णा, हे साग न्हाई. साल हाय."

"कशावरून?"

मी वाकसाने एक ढलपी काढली आणि त्यांच्या नाकाला लावली. सागाला तेलाचा, कातड्यासारखा वास असतो. वर्षांनुवर्षं ऊन खाल्लेल्या तुकड्यालाही आत तो राहतो. सालाला तो नसतो, आणि सालाचे धागे एकमेकांत अडकलेले असतात, ढलपी सरळ निघत नाही. अण्णांनी ढलपी वास घेऊन खिशात ठेवली आणि म्हणाले, "मग आता तूच सांग, ह्यातला कंचा अजून दोन पावसाळे काढंल."

तेव्हापासून स्लीपर ठोकायचं काम माझ्याकडे आलं. रुळाच्या बैठकीजवळ हातोडीने हलकं ठोकायचं. लाकूड आतून चांगलं असेल तर आवाज घट्ट, खणखणीत येतो आणि हातोडी परत हाताला उसळते. आतून कुजलं असेल तर भद्द आवाज येतो, हातोडी तिथेच बसते. वरून दोन्ही सारखेच दिसतात. खिळ्याची जागा सैल झाली असेल तर खिळा उपसायचा, भोकात सुक्या लाकडाची खुंटी डांबरात बुडवून ठोकायची आणि पुन्हा नव्याने भोक पाडून खिळा मारायचा. एका जागी हे दोन-तीनदाच होतं, मग स्लीपर काढावाच लागतो. हे सगळं वडिलांनी ओंडक्यावर थाप मारून शिकवलेलं होतं. त्यांनी ते ओंडक्याची किंमत कळावी म्हणून शिकवलं, मी त्यावर गाडी चालते की नाही हे ठरवत होतो.

घाटातली गोलाई माणसाला शांत बसू देत नाही. गाडी वळताना चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासते, रूळ आतल्या अंगाने झिजत जातो आणि खिळे बाहेर सरकत जातात. म्हणजे गेज रुंदावतो. मोठ्या लाईनवर जो फरक चालून जातो तो अडीच फुटात चालत नाही, कारण मुळात चाकाची रुंदीच कमी. मी रोज सकाळी हातोडा, पाना, दोन झेंड्या आणि धोक्याच्या वेळी गाडी थांबवायला रुळावर बसवायच्या फटाक्यांची डबी घेऊन बीट चालायचो, आणि गोलाईवर प्रत्येक सांध्याशी गेजपट्टी लावायचो. हिवाळ्यात सांध्यांची फट उघडते, तेव्हा फिशप्लेटा खोलून ग्रीस लावायचं. उन्हाळ्यात तीच फट बंद होते. ग्रीस लावलेलं नसेल तर रूळ सरकायला जागा शोधतो आणि सगळी लाईन बाजूला फुगते. वैशाखात दुपारच्या गाडीआधी मी दोनदा चालायचो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाफेच्या इंजिनाच्या काळात घाटाला आणखी एक भीती होती. चढावर इंजिन जोर लावायला लागलं की धुराड्यातून ठिणग्या उडायच्या. फेब्रुवारीनंतर गवत कोरडंठाक. म्हणून उन्हाळ्याआधी रुळाच्या दोन्ही बाजूंनी पट्टा साफ करायचा आणि पहाटे वारा पडलेला असताना तिथलं गवत हळूहळू जाळून घ्यायचं. वनखात्याची माणसं त्यांची जाळरेषा काढत, आम्ही आमची. दोन्ही खात्यांत कागदावर फारशी बोलाचाली नव्हती, पण त्या पहाटे आम्ही एकाच घागरीतलं पाणी प्यायचो. १९९७ साली येडशी-रामलिंगचं हे जंगल अभयारण्य झालं.

पावसाळ्यातली रात्रीची गस्त हे घाटातलं सगळ्यात मोठं काम. एक रात्र मला अजून दिसते. संध्याकाळपासून वीज आणि वारा. मी हातबत्ती घेऊन येडशीकडून निघालो होतो. कापलेल्या डोंगराच्या तुकड्यात शिरलो आणि बत्तीच्या उजेडात रुळावर पानंच पानं दिसली. एक मोठी सालई मुळासकट उपटून आडवी पडली होती. सालईचं लाकूड मऊ, पण आकार एवढा की एकट्याने हलणं शक्य नव्हतं. पांगरीकडून गाडी सुटायची वेळ झाली होती. मी झाडावरून चढून पलीकडे उतरलो आणि खाली पळत सुटलो. नियमाप्रमाणे ठरलेल्या अंतरावर रुळावर फटाके बसवले आणि आणखी पुढे जाऊन लाल बत्ती फिरवत उभा राहिलो. गोलाईच्या पलीकडे इंजिनाचा उजेड आधी झाडांच्या शेंड्यांवर दिसला. ड्रायव्हरने बत्ती पाहिलीच होती, तरी चाकाखाली एक फटाका फुटला आणि गाडी दम टाकत उभी राहिली.

गाडीत बार्शीहून परतणारे शेतकरी होते. कुणी विचारायच्या आत दहा-बारा माणसं खाली उतरली. दोघांजवळ कुऱ्हाडी होत्या, इंजिनावर पहार होती. इंजिनाच्या दिव्यात सगळे झाडाला भिडले. फांद्या तोडून दरीच्या बाजूला ढकलल्या. खोडाचे दोन तुकडे केले आणि पहारी लावून 'हैस्सा' म्हणत रुळाच्या बाहेर लोटले. तो आवाज मी लहानपणी किनवटच्या स्टेशनात ऐकला होता, तोच आवाज, पण इथे लाकूड गाडीत चढत नव्हतं, गाडीच्या वाटेतून बाजूला होत होतं. एक जण म्हणाला, "खोड बरं हाय, डब्यात टाकू का?" अण्णा तोवर गँग घेऊन पोचले होते. ते म्हणाले, "फॉरेस्टाचं झाड हाय. त्येंचा गार्ड येऊन मोजंल, मग काय ते." दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला, टेप लावली, वहीत लिहिलं. ते खोड पुढे कित्येक पावसाळे रुळाशेजारी पडून होतं. त्यावर अळिंब्या यायच्या.

आमची लाईन का टिकली आणि जंगल रेल्वे का संपल्या, याचं उत्तर मला त्या खोडाकडे बघत बसल्यावर मिळालं. जंगल रेल्वेचा माल तिच्या रुळाशेजारीच उभा असतो आणि ती जेवढी नीट चालेल तेवढा तो लवकर संपतो. सागाला पुन्हा मोठं व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात. रूळ, पूल, गँगचा पगार तेवढं थांबू शकत नाही. कोचीनची ट्रामवे किती उत्तम बांधली होती, पण तिने भरायचं काय? उलट आमच्या गाडीला घाटातलं एक झाड नको होतं. तिला घाटापलीकडचं पाहिजे होतं. लातूरची तूर, करडई, भुईमूग, शाळू, मुरूड-ढोकीकडचा गूळ, बार्शीचा कापूस. हे दरवर्षी पुन्हा पिकणार. आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी दरवर्षी पुन्हा येणार. कॅलथ्रॉपने वाघिणी बांधतानाच यात्रेच्या गर्दीचा विचार केला होता. मालाच्या वाघिणींत माणसं बसवून पंढरपूरला नेत. माझ्या आधीच्या पिढीतले गँगमन सांगायचे की आषाढीला टपावरची माणसं मोजायची सोयच नसे. मलाही वारीला तिकडे ड्युटी लागे. रुळाच्या दोन्ही बाजूंनी टाळ वाजत आहेत आणि आपण खाली वाकून फिशप्लेटचा बोल्ट आवळतो आहोत, याचं समाधान वेगळंच होतं.

लातूर शहराकडे पाहिलं तरी हेच कळतं. १९११ ला गाडी आली. १९१७ ला गंजगोलाई उभी राहिली, मध्ये गोल बाजार आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. निजामाच्या मुलखातल्या या गावाला इंग्रजी मुलखातला बाजार आणि पुढे मुंबई या अडीच फुटांनी जोडून दिली. या शहराची डाळीची पेठ म्हणून जी ओळख झाली, तिच्या मुळाशी ही गाडी आहे.

तिच्या उणिवाही मी सांगतो, कारण त्या आम्ही अंगावर काढल्या. कुर्डुवाडीला गेज बदलायचा. प्रत्येक पोतं छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत घालायचं. हमालांच्या पिढ्या त्यावर जगल्या, पण व्यापाऱ्याचा वेळ आणि धान्याची सांड दोन्ही जास्त. पुढे ट्रक दारात येऊ लागला तेव्हा मालगाड्या ओस पडत गेल्या. जिल्ह्याचं गाव असलेलं उस्मानाबाद, आजचं धाराशिव, लाईनीवर नव्हतंच. येडशीला उतरून पुढे एसटी बघायची. आणि वेग इतका कमी, की लातूरचं पोरगं पुण्याच्या कॉलेजला निघालं तर ते गाडीकडे बघायचंही नाही. म्हणून रुंद लाईन पाहिजे ही लोकांची मागणी रास्त होती. मी स्वतः त्या मागणीच्या बाजूचा होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझी ड्युटी लातूरच्या बाजूला होती. आम्ही घराबाहेर पडलो आणि उजाडायच्या आत लाईनीवर निघालो. किल्लारीत काय झालं आहे याची आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती. मोऱ्यांच्या भिंती, पुलाचे खांब, सांधे, सगळं हात लावून पाहत गेलो. माझ्या बीटात सगळं जागच्या जागी होतं. स्टेशनात येऊन 'लाईन ठीक' सांगितलं, आणि मग गावांची नावं कानावर यायला लागली. त्यानंतरचे कित्येक दिवस गाडीत बसणारी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

मग रुंदीकरण आलं. २००७ ला लातूर–उस्मानाबाद आणि २००८ ला उस्मानाबाद–कुर्डुवाडी ही मोठी लाईन सुरू झाली. जुना रूळ काढायच्या कामावर आमच्यातले बरेच जण होते. ज्या खिळ्यांना आम्ही वर्षानुवर्षं घट्ट बसवलं ते पहारीने उपसायचे, फिशप्लेटा खोलायच्या, रूळ ट्रकमध्ये चढवायचा. तेव्हा जंगल रेल्वेच्या गँगची फार आठवण झाली. ते लोक हे काम दर दोन-चार वर्षांनी करत असतील. पण आमच्या रुळाजवळचं जंगल होतं तसं उभं होतं. घाटात स्लीपर निघाले त्या जागी एकेक खळगा राहिला, आणि दोन पावसात त्यांत गवत आलं.

मोठ्या लाईनीने काय दिलं ते २०१६ च्या दुष्काळात सगळ्या देशाने पाहिलं. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. एप्रिलमध्ये पहिली गाडी १० टाक्या घेऊन आली, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या आल्या. मिरज आणि लातूर ही आमच्या जुन्या लाईनीचीच दोन टोकं. एका टाकीत ५० हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ५० टन. कॅलथ्रॉपच्या हिशेबाने चार आसांची वाघीण स्वतःच्या वजनासकट २० टनांवर जाऊ शकत नव्हती. जुन्या रुळावरून हे पाणी येतं तर किती आलं असतं, हे मी स्टेशनात उभा राहून मनात मांडलं आणि रुंदीकरणाबद्दल उरलीसुरली खंत त्या दिवशी संपली. टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडले तेव्हा बायका पदर डोळ्याला लावून बघत होत्या.

पण जुनी लाईन जपताही येते. अलीशानवर तोड थांबल्यावर ती रेल्वे प्रवाशांसाठी ठेवली गेली. २००९ च्या वादळात डोंगर कोसळून ती तुटली, तरी त्यांनी चिकाटीने दुरुस्त करत आणली आणि २०२४ मध्ये पूर्ण मार्ग पुन्हा सुरू केला. आपल्याकडे कुर्डुवाडीचं वर्कशॉप अजून चालू आहे आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे तिथे दुरुस्तीला येतात. अडीच फुटी लाईनवर हात बसलेल्या माणसांची विद्या दोन फुटी गाडीच्या कामाला येते, हे चांगलं आहे. पण घाटात जुना माग जिथे बाजूला पडला तिथल्या दगडी मोऱ्या, कापलेले डोंगर, गोलाया कुणी मोजलेल्या नाहीत. अभयारण्यातून पायी चालायची इतकी सोपी चढण दुसरी नाही. ती इंजिनाला झेपेल अशी काढली होती, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही झेपेल. वनखातं आणि रेल्वे यांनी मिळून ती साफ ठेवावी, मोऱ्यांना जुने नंबर लावावेत. नंबर मला बरेचसे पाठ आहेत, अण्णांकडून आलेले. बार्शीच्या कॉलेजातली काही मुलं अलीकडे येतात, त्यांना बरोबर घेऊन मी पांगरीच्या बाजूने एकेक मोरी लिहून घ्यायला लागलो आहे. निम्मा घाट झाला आहे. उरलेला पाऊस उघडल्यावर करू.